वर्धेत आगबोट



आज गोष्ट एका लॉकची. कुलूप नव्हे, कालव्यावरचं लॉक. कोशात त्याला जलपाश म्हणतात, पण मी तीसेक वर्षं फौजेत काढली आणि एकाही माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकला नाही, म्हणून आपण लॉकच म्हणू या.

आधी घरातली एक गोष्ट सांगतो. मी मूळचा हिंगणघाटचा. आमच्या आजीच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं. कुणी उधार नेलेले पैसे देईन म्हणाला, कुणी पुढच्या महिन्यात हमखास येतो म्हणाला, की आजी म्हणायची, "येईल, वर्धेत आगबोट येईल तेव्हा." आम्हा पोरांना ते नुसतं विनोदी वाटायचं. आमची वर्धा नदी! उन्हाळ्यात तिच्यात म्हैस धड बुडत नाही. आगबोट कुठून येणार? चाळीस वर्षांनी इथे बंगळुरूत मला कळलं, की ती आगबोट कागदावर खरोखरच यायची होती. त्यासाठी पैसा खर्च झाला, तह झाले, माणसं कामाला लागली, आणि त्यापायी महाराष्ट्राच्या नकाशाचा एक कोपरा आज आहे तसा झाला.

बंगळुरूचा संबंध असा. अलसूर तलावाला लागून मद्रास इंजिनिअर ग्रुपचं केंद्र आहे. तिथे मी थंबींमध्ये वाढलो. थंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ, आमच्या जवानांना अख्खी फौज या नावाने ओळखते. १७८०मध्ये उभी राहिलेली ही पलटण. या शहराला मोठी नदी नाही, म्हणून इथल्या लोकांनी शतकानुशतकं तलाव बांधले, एकाचं जास्तीचं पाणी दुसऱ्यात सोडलं. आज कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून पंपाने वर चढवतात. पाणी वर चढवणं सोपं नसतं, हे बंगळुरूकराला बिलावरून कळतं. तर, माझ्या कंपनीत एक सुभेदार साहेब होते, पूर्व गोदावरीकडचे. गावचा पत्ता सांगताना ते म्हणत, "लाकूजवळ उतरायचं साहेब, तिथून चालत दहा मिनिटं." मला वाटायचं लाकू हे गावाचं नाव. पुढे कळलं, की लाकू म्हणजे लॉक. इंग्रजी शब्द तेलुगूत जाऊन तिथलाच झाला. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात लाकू म्हणजे आपल्याकडे जसा पार किंवा वेस, तशी पत्ता सांगायची खूण.

आता लॉक चालतं कसं ते बघा. कालव्याचं पाणी एका ठिकाणी वरच्या पातळीवर आहे आणि पुढे आठ-दहा फूट खाली. बोट खालून वर न्यायची आहे. मध्ये दगडी हौद बांधायचा, त्याला दोन्ही टोकांना दारं. खालचं दार उघडं, बोट हौदात आली. दार बंद. मग वरच्या दारातली लहान झडप उघडायची. वरचं पाणी हौदात येतं, हौद भरत जातो, बोट त्याच्याबरोबर वर येते. हौदातलं पाणी आणि वरचं पाणी एका पातळीला आलं, की वरचं दार दोन माणसं सहज ढकलून उघडतात. बोट पुढे निघाली. इंजिन नाही, बैल नाहीत, सगळं काम पाण्याचं वजन करतं. दारं सपाट लावत नाहीत. दोन पाखं वरच्या पाण्याकडे टोक करून एकमेकांवर टेकवतात, म्हणजे पाणी जितकं दाबेल तितकी ती घट्ट बसतात. या दाराचं श्रेय लिओनार्दो दा विंचीला देतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. बोट वर गेली किंवा खाली आली, की दर खेपेला हौदभर पाणी वरून खाली जातं. म्हणजे लॉक चालायचं तर वर पाणी असलं पाहिजे.

हे सगळं गोदावरीवर नेणारा माणूस म्हणजे आर्थर कॉटन. जन्म १८०३चा. तो आमच्याच परंपरेतला, मद्रास इंजिनिअर्सचा अधिकारी. त्या काळी अधिकारी मद्रास इंजिनिअर्सचे आणि जवान सॅपर्स अँड मायनर्सचे, अशी विभागणी असे. आधी त्याने कावेरीवर बंधारे बांधले. मग गोदावरीच्या मुखाकडच्या मुलखात त्याला पाठवलं. तिथे १८३३च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडून गेला होता, १८३९मध्ये कोरिंगाला वादळाने झोडपलं होतं. शेजारून एवढी मोठी नदी वाहतेय आणि माणसं भुकेने मरताहेत, हे त्याला सहन होईना. १८४७मध्ये राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला बंधाऱ्याचं काम सुरू झालं आणि १८५२मध्ये पुरं झालं. नदी तिथे बेटांमुळे चार फाट्यांत वाहते. चारही फाट्यांवर मिळून साडेतीन किलोमीटरहून लांब बंधारा. आज त्या जागी नवं बॅरेज आहे आणि त्याला नाव कॉटनचंच आहे. गोदावरी जिल्ह्यांत गावोगावी त्याचे पुतळे दिसतात. परक्या राजवटीच्या अधिकाऱ्याचे पुतळे शेतकऱ्यांनी प्रेमाने जपावेत, अशी उदाहरणं आपल्या देशात फार नाहीत.

कॉटनचं म्हणणं असं, की कालवा खणायचाच आहे तर तो एकाच कामासाठी कशाला? त्यातून शेतीला पाणी द्या आणि त्यातूनच बोटीही न्या. म्हणून त्याच्या कालव्यांवर ठिकठिकाणी लॉक आहेत. पुढे हे जाळं एलुरू कालव्याने कृष्णेच्या कालव्यांना जोडलं गेलं आणि तिथून बकिंगहॅम कालव्याने मद्रासच्याही पुढे गेलं. काकीनाड्याला नाव सोडली, तर समुद्रात न उतरता मद्रास गाठता येत असे. भात, मीठ, सरपण, सगळं पाण्यावरून. रेल्वेवर उधळपट्टी करू नका, कालवे काढा, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. १८७८मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढेही त्याने तेच सांगितलं. लोक त्याला हट्टी म्हणत, आणि तो होताच.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ.

धवळेश्वरमचं यश बघून कॉटनने नदीच्या वरच्या अंगाला नजर टाकली. नकाशा समोर आणा. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळतात आणि प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. थोडं पुढे इंद्रावती येऊन मिळते. मग भद्राचलम, पापीकोंडलूची खिंड, पोलावरम, राजमहेंद्री आणि समुद्र. म्हणजे हिंगणघाटचा, वऱ्हाडचा कापूस वर्धेच्या काठी बोटीत भरला, तर थेट बंगालच्या उपसागरापर्यंत उतारच उतार. ज्याचं आडनावच कापूस, त्याला हे स्वप्न पडलं नसतं तरच नवल. तेव्हा वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून मिर्झापूरला किंवा मुंबईला जायचा. वाटेत धूळ, पाऊस, चोऱ्या. त्यातच १८६१मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, मँचेस्टरच्या गिरण्या ओरडू लागल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला.

अडचण नदीच्या तळाची होती. वाटेत तीन ठिकाणी खडकांची दाट रांग आहे. इंग्रजांनी त्यांना पहिला, दुसरा आणि तिसरा बॅरिअर अशी नावं दिली. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला. दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला. तिसरा प्राणहितेवर, अहेरीच्या बाजूला देवलमरीला. तिथे बोट चालत नाही, ती फुटते. उपाय असा, की बंधारा घालून पाणी उचलायचं, खडकाच्या बाजूने कालवा काढायचा आणि उंचीतला फरक लॉकने काढायचा. हे काम कॅप्टन हेगकडे गेलं. गन्नावरमचा जलसेतू बांधला तोच हा हेग. नागपूरला मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल होते, पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले ते. त्यांचा योजनेला भक्कम पाठिंबा होता.

पण नदीचा काठ कोणाचा, हा प्रश्न होता. तिथला डावा काठही निजामाचा. मग १८६०मध्ये तह झाला. गोदावरीवरच्या मालाला जकात लावायची नाही असं ठरलं, आणि डाव्या काठचा मुलूख, त्यात सिरोंचा, भद्राचलम आणि मधले तालुके, इंग्रजांकडे आला. त्याच तहाने नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. मराठवाड्यातल्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावं. धाराशिव निजामाकडे परत जाणं आणि सिरोंचा इंग्रजांकडे येणं, दोन्ही एकाच कागदावर आहे. सिरोंचाला मुख्यालय करून अपर गोदावरी नावाचा जिल्हा झाला. नदीतून बोटी जाणार, तर काठावर आपला कलेक्टर हवा.

मग काय झालं? काम झालं ते मुख्यतः दुम्मागुडेमला. बंधारा, कालवा आणि लॉक. जंगलाचा मुलूख, वस्ती तुरळक, मजूर दुरून आणायचे. आणि ताप. आज आपण मलेरिया म्हणून गोळी घेतो, तेव्हा त्याचं कारणसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. वर्षातले काही महिनेच तिथे काम करता येई. इकडे १८६५मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचा भाव कोसळला. १८६७मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. अखेर १८७१च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने वरच्या गोदावरीचं काम बंद केलं. काही वर्षांत रेल्वेची फाटी हिंगणघाटवरून वरोऱ्याच्या कोळशापर्यंत गेली. आगबोट आलीच नाही, आगगाडी आली.

रेल्वेने कालव्याला मारलं, असं यावर सगळे म्हणतात. माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मी एका फजितीतून शिकलो. लेफ्टनंट असताना सरावासाठी मला एका नदीची रेकी दिली होती. रुंदी, खोली, काठाची माती, सगळं मोजून मी देखणा अहवाल दिला. शाबासकीही मिळाली. प्रत्यक्ष सराव झाला पाच महिन्यांनी. मी सांगितलेल्या जागेवर बोटी उतरवल्या आणि चक्क गाळात बसल्या. जवानांनी कमरेएवढ्या चिखलात उतरून ढकलल्या. कमांडिंग ऑफिसर काठावरून शांतपणे म्हणाले, "तुमची नदी सप्टेंबरमधली आहे. ही मार्चमधली आहे." तेव्हापासून कुणी मला नदीचा आकडा सांगितला, की मी आधी महिना विचारतो.

वर्धा-प्राणहितेलाही महिना विचारा. पाणी भरपूर कधी असतं? जून-जुलै ते फार तर नोव्हेंबर. आणि कापूस? मी कापसाच्या बाजारात वाढलो आहे. वेचणी दसरा-दिवाळीकडे सुरू होते, गाठी बांधून माल निघायला पौष-माघ उजाडतो. म्हणजे नदी भरलेली असते तेव्हा कापूस बोंडात असतो आणि कापूस गाठीत बांधून होतो तेव्हा नदी खडकांत गेलेली असते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत माल कोठारात ठेवा म्हणावं, तर व्यापारी भावाकडे बघेल की पंचांगाकडे? त्यात मघाशी सांगितलेलं विसरू नका, दर बोटीमागे हौदभर पाणी खाली सोडावं लागतं. धवळेश्वरमला मागे अख्खी गोदावरी उभी आहे. तिथे लॉक चाललं. देवलमरीला चैत्रात ते पाणी आणायचं कुठून? वर मोठी धरणं बांधून साठवलं तर जमलं असतं, पण मग ते बांधकामच निराळं आणि खर्चही निराळा. कॉटनला नदी आटते हे माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर नद्यांच्या काठाने फिरलेला माणूस तो. पण एका जागी उत्तम जमलेली गोष्ट दुसऱ्या जागीही जमणारच, असं वाटू लागतं ना, ते त्याला वाटलं. माझ्या मनातला त्याचा मान त्यामुळे कमी होत नाही. मात्र तापाने गेलेल्या मजुरांची नावं मला कुठल्या पुतळ्याखाली दिसली नाहीत, ही बोच आहेच.

निवृत्तीनंतर एका फेब्रुवारीत सौ. आणि मी गाडी घेऊन निघालो. आधी धवळेश्वरम. तिथल्या लाकूंची दारं, त्यातून सुटणारं पाणी, काठावर कपडे धुणाऱ्या बायका. सगळं कामात असलेलं. सुभेदार साहेब आता नाहीत, पण त्यांच्या गावचा पत्ता मला पाठ होता. लाकूजवळ उतरलो आणि चालत गेलो. दहा नाही, वीस मिनिटं लागली. मग भद्राचलम, आणि तिथून वर दुम्मागुडेम. बंधारा अजून उभा आहे. लॉकच्या घडीव दगडाच्या भिंती इतक्या सरळ, की मी सवयीने हात लावून सांधे बघितले. दारं जिथे बसायची त्या खाचा आहेत, दारं नाहीत. सांध्यांतून झुडपं उगवलेली. हौदाच्या तळाला शेळ्या चरत होत्या. राखणाऱ्या पोराला मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "लाकू." बोट कधी बघितली का इथे? त्याने मान हलवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मीच जरा वेडगळ ठरलो.

तिथून पुढे सिरोंचा. गंमत बघा, १८७४मध्ये भद्राचलमकडचा भाग मद्रास प्रांतात गेला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात राहिला. म्हणून तो पुढे महाराष्ट्रात आला आणि १९८२पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे. बोलणं तेलुगू, गोंडी आणि मराठी, तिन्ही सरमिसळ. चहाच्या टपरीवरच्या माणसाने माझ्याशी एका वाक्यात दोन भाषा वापरल्या आणि हिशेब तिसरीत केला. ज्या गावापर्यंत आगबोटी यायच्या म्हणून तह झाला, तिथे आजही रेल्वे नाही. जिल्ह्याचं ठिकाण गाठायला रस्त्याने जवळजवळ दोनशे किलोमीटर. नद्यांवर मोठे पूल झाले तेही अलीकडे. त्याआधी पावसाळ्यात डोंग्यातून पलीकडे.

पाणी मात्र त्यांचा पिच्छा सोडत नाही. २०१९मध्ये समोर तेलंगणाचं मेडीगड्डा बॅरेज सुरू झालं, उपसा सिंचनासाठी. २०२२च्या जुलैच्या पुरात सिरोंचा तालुक्यातली शेती पाण्याखाली गेली, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी त्या बॅरेजच्या फुगवट्याकडे बोट दाखवलं. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये त्याच बॅरेजचे काही खांब खचले. इंजिनिअर म्हणून त्यावर बोलायला अजून एक तास लागेल, तो विषय पुन्हा कधी. इंचमपल्लीचं नावही संपलेलं नाही. १९८०च्या गोदावरी तंटा लवादाच्या निवाड्यात ते धरणाची जागा म्हणून आलं, धरण अजून झालेलं नाही. आणि २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने चौथा जलमार्ग गोदावरीतून भद्राचलमपासून थेट नाशिकपर्यंत नेला आहे. नाशिकपर्यंत! एप्रिलमध्ये रामकुंडावर उभं राहून कुणीतरी मला ती बोट दाखवावी. पोलावरमच्या आराखड्यात नौकांसाठी लॉक आहेत, ते मात्र मला बघायचं आहे. तिथे मागे पाणी असेल.

सिरोंचाला नदीकाठी इंग्रजांच्या काळचं विश्रामगृह आहे. संध्याकाळी आम्ही त्या बाजूला काठावर जाऊन उभे राहिलो. प्राणहितेचं पात्र किती रुंद! पण पाणी मधल्या दोन-तीन धारांत, बाकी वाळू आणि खडक. एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन पात्रातून चालत येत होता. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंतही नव्हतं. सौ. म्हणाल्या, "यात तुमची आगबोट चालणार होती?"

मी म्हटलं, महिना फेब्रुवारी आहे.

आज एवढंच. पुढच्या वेळी तुंगभद्रेच्या काठी जाऊ. जय हिंद.